शंखाला डोळे असतात का?



गेल्या रविवारी शास्त्रसभा संपल्यावर आम्ही काही जणी मंदिराच्या ओसरीत बसलो होतो. विषय निघाला शाळेच्या सहलीचा. इथल्या एका शाळेने आठवीच्या मुलांना मालवणला न्यायचे ठरवले आहे. दोन रात्री, तीन दिवस. ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन समुद्रातले जीव पाहायचे, वहीत नोंदी करायच्या, असा कार्यक्रम आहे. संमतीपत्रे घरोघरी आली आहेत आणि आपल्या समाजातल्या सात-आठ घरांत ती सहीवाचून पडून आहेत.

एक काकू म्हणाल्या, "मासळीच्या गावाला पोरांना कशाला धाडायचं? तिथं जे बघायचं ते सगळं आपल्याला वर्ज्यच की." बऱ्याच जणींनी माना हलवल्या. मी त्या वेळी गप्प बसले. पण घरी येऊन सामायिकाला बसले तरी मन तिथेच. म्हणून आज लिहितेच. माझे मत सरळ आहे: सही करा. मुलांना पाठवा. मात्र पाठवण्याआधी शाळेला चार प्रश्न विचारा आणि मुलांना पाच गोष्टी सांगा. का, ते सांगते.

आधी माझीच जुनी गोष्ट. मी १९७७ साली दहावी झाले. मार्क चांगले होते आणि मला सायन्सला जायचे होते. वनस्पती, किडे, पक्षी यांचे मला भारी वेड. पण कॉलेजात बेडूक कापावा लागतो हे वडिलांच्या कानावर आले. त्यांनी एकच वाक्य उच्चारले, "आपल्या घरची मुलगी जीव कापणार नाही." मी कॉमर्सला गेले, बी.कॉम. झाले, लग्न होऊन या घरी आले. आज मागे पाहते तेव्हा वडिलांचा नकार मला योग्यच वाटतो. बेडूक कापायला नको म्हटले हे बरोबर होते. चुकले ते पुढचे. बेडूक न कापता बेडकाचा अभ्यास करता येतो का, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. ना वडिलांनी, ना कॉलेजने, ना मी. दारातला साप टाळायला आम्ही दारच भिंतीत चिणून टाकले.

पुढे काळ बदलला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेच प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदन बंद करायला सांगितले. म्हणजे ज्या गोष्टीला आपली घरे नको म्हणत होती, तिला शेवटी शिक्षणखात्यानेही नको म्हटले. पण मधल्या काळात आपल्या किती मुली जीवशास्त्राला मुकल्या! जीवाचा विचार ज्यांच्या घरात सकाळच्या पाण्यापासून सुरू होतो, त्यांनीच जीवशास्त्राकडे पाठ फिरवावी, हे मला आता फार खटकते.

गेल्या वर्षी माझी नात अशाच सहलीला गेली. सुखासुखी गेली नाही. संमतीपत्र आले तेव्हा पहिली अडचण तिथीची निघाली. सहलीचा मुख्य दिवस नेमका चतुर्दशीचा. आमच्या घरी अष्टमी-चतुर्दशी पाळतात. मुलगा म्हणाला, "नकोच." सूनबाई माझ्याकडे पाहू लागली. मी शाळेत फोन केला आणि विज्ञानाच्या मॅडमना विचारले, "बाई, दुसरा दिवस नाही का मिळाला?"

त्या म्हणाल्या, "आज्जी, दिवस मी नाही, चंद्राने ठरवलाय."

मग त्यांनी समजावून सांगितले. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. त्याला उधाणाची भरती म्हणतात. पाणी लांबवर मागे सरते आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात असते, पाणी फारसे वरही चढत नाही आणि फारसे खालीही उतरत नाही. ती भांगाची भरती. शिवाय ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातले कोळी घड्याळ नसतानाही हे सगळे तिथीवरून सांगत आले.

फोन ठेवल्यावर मी पंचांग काढून बसले. इतकी वर्षे मी अष्टमी-चतुर्दशी पाळते, पण त्याच तिथींना समुद्र तिकडे काय करतो हे मला कुणी सांगितले नव्हते. आपली व्रते भरती-ओहोटीवरून ठरली असे मी म्हणत नाही. पण ज्या पंचांगावर आपण उपास धरतो त्याच पंचांगावर समुद्र चालतो, एवढे कळले तेव्हा समुद्र मला परका वाटेना.

नातीने चतुर्दशीचे एकाशन स्वतःहून धरले. त्या दिवशी ओहोटी दुपार उतरताना होती. तिने खडकांवर जाण्याआधी जेवून घेतले. दशम्या, शेंगाचटणी आणि लाडू मी डब्यात दिले होते. सूनबाईने पाणी उकळून, गार करून बाटल्या भरल्या होत्या. सूर्य मावळायच्या आत मुले खडकांवरून परतली. सगळे निभावले.

आता तिथे तिने काय पाहिले ते सांगते.

खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहते. समुद्र मागे गेला तरी तेवढ्या ओंजळभर पाण्यात जीव तग धरून असतात, भरती परत येईपर्यंत. उन्हाने पाणी तापते, आटते, जास्त खारट होते, आणि तरी ते तिथे. समुद्रपुष्प फुलासारखे दिसते, पण तो प्राणी आहे. त्याला मेंदू नाही, डोळे नाहीत, पण सावली पडली किंवा धक्का लागला की तो अंग आवरून घेतो. तारामाशाच्या प्रत्येक बाहूच्या टोकाला उजेड-अंधार ओळखणारा बारीक ठिपका असतो. खडकाला चिकटलेली कालवे कवच घट्ट मिटून आतले पाणी धरून ठेवतात. आणि एक छोटा खेकडा असतो, त्याच्या पोटाकडचा भाग मऊ, उघडा. म्हणून तो दुसऱ्या कुणाचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात राहतो. अंग वाढले की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतो.

हे ऐकताना माझ्या छातीत धस्स झाले. कारण माझ्या हातून एक पाप घडलेले आहे आणि ते मी आजवर कुणाला सांगितले नव्हते.

मुले लहान असताना आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. वाळूत मुलांनी पिशवीभर शंख-शिंपले गोळा केले. मीही वाकून वाकून चांगले चांगले वेचले. एस.टी.त पिशवी पायाशी ठेवली. घरी आल्यावर ती तशीच माडीवर राहिली. तिसऱ्या दिवशी घरभर दुर्गंधी सुटली. उंदीर मेला असेल म्हणून शोधाशोध केली. शेवटी पिशवी उघडली. त्यातल्या कित्येक शंखांत कुणी ना कुणी राहत होते. मी त्यांना कोरडे, अंधारात, पिशवीत कोंडून मारले होते. तेही रात्री जेवत नसलेल्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरात. मी पिशवी परड्यात पुरली, णमोकार मंत्र म्हटला, आणि कुणाला काही बोलले नाही.

मैत्रिणींनो, माझ्या हातून ती हिंसा का घडली? मला दया नव्हती म्हणून नाही. मला माहीत नव्हते म्हणून. मुंगी दिसते म्हणून आपण पाऊल उचलतो. शंखातला जीव मला दिसला नाही, कारण तो पाहायला मला कुणी शिकवलेच नव्हते. अजाणतेपणी झाले म्हणून मी स्वतःला माफ करू शकते. पण उद्या माझ्या नातवंडांनीही अजाणच राहावे अशी व्यवस्था मी करणार असेन, तर त्याला माफी नाही.

आता नातीच्या प्रश्नाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे. सहलीहून आल्यावर दोन दिवसांनी ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, पाठशाळेत शिकवलंय की शंख दोन इंद्रियांचा. स्पर्श आणि चव. पण मॅडम म्हणाल्या, पुष्कळ समुद्री गोगलगायींना शिंगांच्या बुडाशी बारीक डोळे असतात. त्यांना वासही कळतो. मग शंखाला डोळे असतात का नसतात?"

तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांप्रमाणे जिवांची मांडणी आहे, ती आपण सगळ्यांनी घोकलेली. कृमी, शंख, शिंपले दोन इंद्रियांचे, मुंगी तीन, भुंगा चार, पशू-पक्षी, मासे, माणसे पाच. ओसरीवरच्या काकूंना हीच भीती आहे हे मला माहीत आहे. मुले असले काही शिकून आली की पाठशाळेतले खोटे म्हणतील आणि हळूहळू सगळेच सोडतील.

मी पंडिता नाही. मी हिशेब शिकलेली बाई आहे, म्हणून नातीला हिशेबाच्या भाषेत उत्तर दिले. आम्हाला कॉमर्सला सावधगिरीचे एक तत्त्व शिकवायचे. वर्षअखेरीला ताळेबंद करताना नफा होण्याची नुसती शक्यता असेल तर तो धरायचा नाही. पण तोटा होण्याची शक्यता असेल तर त्याची तरतूद आधीच करून ठेवायची. एखाद्या जिवाला किती कळते, किती दुखते, याबद्दल शंका असेल तर हाच नियम लावायचा. कमी कळत असेल असे धरून चालायचे नाही. जास्त कळत असेल असे धरून वागायचे. शंखाला डोळे निघाले तर आपल्यावरची जबाबदारी वाढली. कमी झाली असे होत नाही.

आणि मुळात आपल्या आचार्यांनी ही मोजणी कशासाठी केली? दोन इंद्रियांच्या जिवावर कमी दया करावी म्हणून नव्हे. आपली अहिंसा तर एकेंद्रियापासून सुरू होते, माती, पाणी, वारा, झाडापासून. ज्याला डोळेही नाहीत, कानही नाहीत, त्यालासुद्धा जीव आहे हे कळावे म्हणून ती मोजणी. नात थोडा वेळ विचार करून म्हणाली, "म्हणजे आपण मोजायला सुरुवात केली होती, ते अजून मोजतायत." मला हे उत्तर माझ्या उत्तरापेक्षा आवडले. ती अजूनही दर रविवारी पाठशाळेला जाते. उलट आता गुरुजींना जास्त प्रश्न विचारते.

एक प्रसंग तिने सांगितला तो तर मी विसरणार नाही. मॅडमनी अगदी बारीक जाळीच्या कापडी पिशवीतून समुद्राचे पाणी गाळले, तळाशी उरलेल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थेंबभर पाण्यात वळवळणारे, तरंगणारे कितीतरी जीव. सगळ्या मुलांचे पाहून झाल्यावर मॅडमनी काचपट्टीसकट ते पाणी त्याच जागी समुद्रात सोडले. नात म्हणाली, "आज्जी, तू सांगतेस तशी जिवाणी!"

आपल्यातल्या साठीच्या बायकांना जिवाणी आठवत असेल. विहिरीचे पाणी दुहेरी कापडाने गाळायचे. गाळण्यात राहिलेले जीव गाळलेल्या पाण्यानेच धुवून, कडीच्या भांड्याने अलगद त्याच विहिरीच्या पाण्यात सोडायचे. वरून ओतायचे नाहीत, आपटून मरतील म्हणून. माझ्या सासूबाई हे मरेपर्यंत करत होत्या. नळ आले आणि ते गेले. आज आपल्या मुलांनी गाळणे पाहिले आहे, पण त्यात काय राहते ते पाहिलेले नाही. नातीने ते मालवणला पाहिले.

आता तुमच्या हरकतींकडे वळते. त्या खोट्या नाहीत.

पहिली हरकत जेवणाची. मालवणात मासळीचा वास येणार, खानावळीत ताटे दिसणार. खरे आहे. पण हे इथल्या हमरस्त्यावरही दिसते. आपली मुले नोकरीला पुण्या-मुंबईला, परदेशी जातात तेव्हा शेजारच्या टेबलावर काय असते? त्याची सवय घरातून, आपण डबा देऊन, तेराव्या वर्षी झालेली बरी.

दुसरी हरकत जास्त मोलाची आहे. एका वहिनींनी विचारले, "खडकांवर पन्नास पोरं नाचली तर पायाखाली किती जीव जातील? ती हिंसा नाही का?" आहे. बेपर्वाईने नेले तर ती सहल मी केलेल्या पापापेक्षा मोठे पाप होईल. म्हणून शाळेला चार प्रश्न विचारा असे मी वर म्हटले. एका वेळी खडकांवर किती मुले नेणार? काही गोळा करून आणणार का? बाटलीतले, औषधात घातलेले मेलेले नमुने हाताळायला लावणार का? मुलांच्या मागे बघायला माणसे किती? पहिल्याचे उत्तर दहा-बारा, मधल्या दोन्हींचे उत्तर नाही, आणि शेवटच्याचे उत्तर पुरेशी, असे आले तरच सही करा. वाकडे उत्तर आले तर मुख्याध्यापकांना सांगा. आपण सात-आठ आया मिळून बोललो तर शाळा ऐकते, आणि त्याचा फायदा समुद्रातल्या जिवांनाही होतो. नुसते न पाठवून त्यांचे काही भले होत नाही. बाकीची मुले जाणारच आहेत.

मुलांना सांगायच्या पाच गोष्टी मी नव्या शोधलेल्या नाहीत. त्या आपल्या मुनींच्या पाच समिती आहेत. आपण गृहस्थ, त्यांच्याइतके आपल्याला जमायचे नाही, पण तीन दिवस तरी प्रयत्न करता येतो. ईर्या समिती: मुनी चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. मुलांनी उघड्या खडकावर, वाळूवर पाय द्यावा. शेवाळ, कालवे, खळगे यांवर नाही. भाषा समिती: आरडाओरडा नको, आणि कोळणींसमोर नाकाला रुमाल लावून "शी" म्हणायचे नाही. एषणा समिती: आपले अन्न, आपले पाणी, वेळेत. आदाननिक्षेपण समिती: वस्तू उचलताना-ठेवताना जपायचे. मॅडमनी दगड उलटून दाखवला तर तो जसा होता तसा परत ठेवल्याशिवाय पुढे जायचे नाही, कारण त्याची खालची बाजू कुणाचे तरी छप्पर असते. उत्सर्ग समिती: आपली घाण, प्लॅस्टिक, कागद काही मागे राहता कामा नये. माझ्या नातीच्या वहीच्या पहिल्या पानावर ही पाच नावे होती. मॅडमनी ती मोठ्याने वाचून सगळ्या वर्गाला सांगितली म्हणे.

कोळ्यांबद्दल आणखी थोडे. त्यांचा धंदा आपल्याला मान्य नाही, कधी होणारही नाही. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही नाही असे समजू नका. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पुष्कळ मासे अंडी घालतात. पावसाळ्यात जीव वाढतात म्हणून आपले मुनी चातुर्मासात एका जागी थांबतात. कारणे वेगळी, पण पावसाळा जिवांचा असतो हे दोघांनाही कळले आहे. कायद्याचेही तसेच. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. २००१ मध्ये प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. हे आपल्या शिकवणीच्या विरुद्ध आहे का? मला तर ते आपल्याच घरचे वाटते.

जाता जाता आपल्या मंदिराकडे पाहा. पुष्पदंत भगवानांचे लांछन मगर, मुनिसुव्रतांचे कासव, नेमिनाथांचे शंख. मातेच्या सोळा स्वप्नांत मीनयुगल आहे, समुद्र आहे. नेमिनाथांची कथा तर लहानपणापासून ऐकलेली. लग्नाला निघालेला राजकुमार. वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश कानी पडला, त्यांनी चौकशी केली, पाहिले, आणि रथ मागे वळवला. डोळ्यांवर पडदा ओढून ते मांडवात गेले असते तर? करुणा आली ती पाहिल्यामुळे. शंख हे त्यांचेच चिन्ह. मुलांना शंख मूर्तीच्या पायाशी दाखवायचा आणि जिवंत शंख दाखवायचा नाही, हे मला पटत नाही.

माझ्या शोकेसमध्ये शंखांची एक चौकट होती. गणपतीपुळ्याहूनच, दुकानातून घेतलेली. अशा चकचकीत शंखांतले बरेचसे जिवंत असतानाच समुद्रातून काढलेले असतात, हे नातीने सांगितले. चौकट मी काढून ठेवली. सासूबाईंची मोत्यांची नथ मात्र मोडलेली नाही, ती त्यांची आठवण आहे. पण सूनबाईला आणि मला ठरवता आले: नवे मोती, नवे पोवळे घरात घ्यायचे नाही. एका तेरा वर्षांच्या मुलीच्या तीन दिवसांच्या सहलीने साठीच्या बाईच्या घरात एवढा बदल केला. चाळीस वर्षे शास्त्रसभा ऐकून माझ्या हे लक्षात आले नव्हते.

या वर्षी धाकटा नातू आठवीत आहे. संमतीपत्रावर सूनबाईने कालच सही केली. सहल पुढच्या शनिवारी निघणार. शुक्रवारी मी दशम्या करायला बसणार आहे. आपल्या समाजातली जेवढी मुले जातील त्या सगळ्यांच्या करीन. आपापल्या मुलाचे नाव बुधवारपर्यंत मला कळवा, म्हणजे पिठाचा अंदाज येईल.